झुंबर गुळव्याची पहिली काहील

कादवा नदीकाठच्या पाच-सात गावांत झुंबर गुळव्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या जिभेचा मार खाल्ला नाही असा गुऱ्हाळमालकही नव्हता. उसाचा रस आटवायची ती मोठी, उथळ, गोल लोखंडी काहील चुलाणावर चढली की झुंबर आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा, बोटाच्या पेरानं कडेला टकटक करायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगून टाकायचा, बूड पातळ आहे, डाव्या अंगाला लागणार. नाहीतर सरळ विचारायचा, कुण्या शहाण्यानं घेतली ही? मालक मुकाट ऐकून घ्यायचे. न ऐकून करतात काय? तीस वर्षांत त्याच्या हातची एक काहील करपली नव्हती. ओलं बोट उकळत्या पाकात बुडवायचं, गार पाण्यात घालायचं, दोन बोटांत गोळी वळून बघायची आणि म्हणायचं, उतरवा. मग तो गूळ सोन्यासारखा पिवळा निघालाच पाहिजे.

चुलाण सोडलं तर मात्र हा माणूस एका जागी टिकायचा नाही. पायाला भिंगरी. जेवायला बसला तर अर्ध्या भाकरीवर उठून बैल बघून यायचा. लग्नाला गेला तर मांडवात न बसता मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी जायचा, त्याला जाळ कसा घालायचा ते शिकवायचा आणि शिव्या खाऊन परत यायचा. त्याची बायको नवसाबाई म्हणायची, ह्यांना चुलाणापुढं उभं केलं की चार तास गप असतात, बाकीचे वीस तास माझ्या वाट्याला. बाई स्वतः शांत, कमी बोलणारी. घरात एकानं तरी बसायला हवं ना.

आता गुळव्याचा हक्क काय असतो ते सांगतो. पहिली ढेप मालकाच्या देवापुढं जायची. बाकीच्या ढेपा बाजारात. काहील कितीही हुशारीनं उतरवली तरी बुडाला आणि कडेला थोडं काळं, कडक चिकटून राहतंच. ते उलथन्यानं खरवडून काढायचं. त्याला म्हणायचं खरवड, आणि ती गुळव्याची. झुंबर रोज फडक्यात बांधून ती घरी न्यायचा. मालकाकडं ढेप मागायची तर मान वाकवावी लागते, आणि झुंबरची मान तेवढी लवचीक नव्हती. त्यामुळं घरात चहाला खरवड, पुरणाला खरवड, आणि लेक सुवर्णा शाळेत जाताना तिच्या फ्रॉकच्या खिशात खरवडीचाच खडा. नावाची सुवर्णा, पण पोरीचे दात कायम काळे.

नव्वदीनंतर कादवेकाठचा ऊस हटला आणि द्राक्षं आली. जो तो मांडव उभे करायला लागला. एकेक गुऱ्हाळ विझलं. शेवटचं राहिलं होतं चिमाजी अण्णांचं, जिथं झुंबरनं सगळ्यात जास्त हंगाम काढले. सत्त्याण्णवला अण्णांच्या लेकानं, मनोजनं उरलेला ऊस उपटला, बाग लावली, आणि गुऱ्हाळाच्या जागेवर द्राक्षं भरायचं पॅकहाऊस बांधलं. झुंबरला काम उरलं नाही. पिंपळगावात एका पॅकहाऊसवर पुठ्ठ्याची खोकी घडी करायला गेला. दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी वाटेतून परत आला आणि ओट्यावर बसला. म्हणजे बसला, उठला, बसला.

नवसाबाईनं वर्षभर हे बघितलं आणि मग तिनंच विषय काढला. त्यांची नदीकडेला एकरभर जमीन होती, तीच आजवर ती एकटी बघत आली होती. त्यातल्या वीस गुंठ्यांत ऊस लावा म्हणाली. तिच्या भावाकडं बैलावर चालणारा जुना चरक पडून होता, रस त्यावर काढता येईल. काहील तेवढी तुम्ही बघा. झुंबर उठून उभाच राहिला. तेव्हा ती म्हणाली, “एक सांगते, नीट ऐका. तीस वर्षं लोकांच्या देवापुढं सोनं ठेवलं तुम्ही, आन् घरात कोळसा आणला. आता माझी सुवर्णा बाळंतपणाला येईल, तवा तिच्या लाडवाला आपल्या घरचा पिवळा गूळ पाहिजे. पहिली ढेप तिची.”

झुंबरला हे लागलं. अगदी काळजाला लागलं. तीस वर्षांत हे कुणी असं बोललं नव्हतं आणि त्याच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. तो तसाच शेतावर निघून गेला आणि त्याच आठवड्यात त्यानं ऊस लावला.

सुवर्णा घोटीला दिलेली. भाताच्या मुलखातलं सासर, माणसं बरी. नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात निरोप आला की तिला दिवस गेलेत, माघात बाळंत होईल. ऊस डोक्याच्या वर गेला होता. सगळं कसं जुळून आलं होतं. फक्त काहील नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ज्यानं उभी हयात काहिली जोखल्या त्याला एक काहील निवडायला किती वेळ लागावा? अहो, तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं. दुसऱ्याच्या काहिलीत खोट काढायला फक्त तोंड लागतं. स्वतःची घ्यायची म्हटली की तेच तोंड आपल्याच मागं लागतं. दिवाळीपासून झुंबर हिंडायला लागला. सकाळी उपरणं खांद्यावर टाकायचं, येईल ती एस्टी पकडायची आणि दिवस मावळता हात हलवत परत. नाशकात तांबट लेनमध्ये जाऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटानं तांब्याची काहील दाखवली, लहानशी, कडेवर ठोक्यांची नक्षी असलेली. झुंबरनं टिचकी मारली तर देवळातली घंटा वाजावी तसा नाद. त्याला ती इतकी आवडली की तो अर्धा तास तिच्याभोवती फिरला, आणि मग म्हणाला, ही पूजेला ठीक आहे. तांबट हसला नाही. कळवणकडं एक गुऱ्हाळ मोडतंय असं कळलं, तिकडं गेला. तिथल्या काहिलीला जोड होता. कुणी फुकट दिली तरी घेणार नाही, असं तिथल्या लोकांना ऐकवून आला.

पिंपळगावला भिकन मिस्तरीचा वेल्डिंगचा कारखाना होता. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल, बेदाण्याचे रॅक, असली कामं तो करायचा. त्याच्याकडं दोन काहिली होत्या. एक चौकोनी, सपाट, मधे पत्र्याचे आडवे पडदे असलेली. एका टोकानं रस घाला, फिरत फिरत दुसऱ्या टोकाला काकवी होऊन बाहेर येईल, असं भिकनचं म्हणणं होतं. झुंबरनं ती बघूनच नाक मुरडलं. कोपऱ्यात उलथनं पोचणार कसं? तिथं पाक अडकणार आणि लागणार. दुसरी होती गोल, चार फुटी, जाड बुडाची. रॅकखाली धूळ खात पडली होती. ही बरी होती, हे झुंबरच्या बोटाला कळलं. पण चार फूट? चार फुटांत काय आटवायचं, नातवाची पेज? भिकन साधा माणूस. त्यानं हातातली पकड खाली ठेवली आणि विचारलं, “नाना, काहील मागनं बघू. तुमचा चरक दिवसाला रस किती देतो, ते सांगा आधी.”

बस. झुंबरचं डोकं सणकलं. तो म्हणाला, “रस मोजायचं काम गुळव्याचं नाय. काहील भरली की मला हाक मारत्यात.” आणि तो तिथून निघाला तो थेट स्टँडवर.

खोटं बोलला का? मुळीच नाही. अण्णांकडं इंजिनावरचा चरक होता, रस काढायची माणसं वेगळी, टाकी वेगळी. चुलाणावरची काहील तोंडोतोंड भरली की मग झुंबरचं काम सुरू. तीस वर्षांत त्यानं अर्धी काहील कधी बघितलीच नव्हती. घरी नवसाबाईनंही तोच प्रश्न विचारला. बैल तासाला किती डबे रस काढतील, एकदा बघू का? तर तिच्यावरही तो उखडला. काहिलीतलं मला शिकवू नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं तेलाचे रिकामे डबे घासूनपुसून चरकाशेजारी मांडून ठेवले.

पौष लागला आणि एका सकाळी झुंबरला उसाच्या शेंड्यावर पांढरा तुरा दिसला. पहिल्यांदा एक, मग चार, मग पंधरा. तुरा आला की रसातली साखर उतरते, थांबून चालत नाही. त्यात त्याच आठवड्यात सुवर्णा माहेरी आली. पोट पुढं, पाय सुजलेले. आल्याबरोबर तिनं विचारलं, नाना, काहील आणली का? झुंबर म्हणाला, आणतोय. रात्री त्याला झोप नाही. तांब्याची, चौकोनी, जोडाची, चार फुटी, सगळ्या डोळ्यांपुढं फिरायच्या. जो माणूस गोळी वळून एका श्वासात ‘उतरवा’ म्हणायचा, त्याचा ह्या एका गोष्टीत निर्णय होईना. स्वतःचाच त्याला राग यायला लागला.

सकाळी तो उगीच भटकत मनोजच्या पॅकहाऊसमागं गेला. तिथं ती होती. अण्णांची आठ फुटी काहील, पालथी, वर रिकामी खोकी रचलेली. झुंबरनं खोकी खाली फेकली आणि बोटाच्या पेरानं कडेला टिचकी मारली. आवाज ओळखीचा. डाव्या अंगाला कुठं उलथनं जरा जोरात फिरवायचं, उकळी आधी कुठं फुटते, सगळं त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. हिचं बूड पातळ आहे म्हणून अण्णांना त्यानं तीस वर्षं टोमणे मारले होते, आणि आता तो उपरण्यानं तिच्या कडेवरची धूळ पुसत होता. मनोज म्हणाला, घेऊन जा नाना, भंगारवाल्याला देणारच होतो. झुंबरनं फुकट घेतली नाही. भंगाराचा भाव देऊनच ताब्यात घेतली.

ती टेंपोत मावेना. मग झुंबरनं आणि चार जणांनी ती उभी करून चाकासारखी रस्त्यानं ढकलत नेली. वाटेत शाळेतली पोरं मागं लागली. मळ्यात नवसाबाई चरकापाशी येऊन उभी राहिली. तिनं काहिलीकडं बघितलं, मग मांडून ठेवलेल्या डब्यांकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाली की अंथरूण बघून पाय पसरावेत. झुंबरला तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. दोन दिवस खपून त्यानं तिच्या मापाचं चुलाण खणलं. इतक्या वर्षांत तो इतका खूश कधी दिसला नव्हता, हेही खरं.

गुऱ्हाळ पेटलं की येईल त्याला रस पाजायचा, कुणाला नाही म्हणायचं नाही, ही कादवेकाठची रीत. आणि हे तर झुंबरचं गुऱ्हाळ. तीन वर्षांत गावात चरक फिरला नव्हता. पहाटे बैल जुंपले, आणि उजाडता उजाडता तांबे, लोटे, किटल्या घेऊन गाव हजर. झुंबर सगळ्यांना आग्रह करकरून पाजत होता. बैल आपल्या चालीनं फिरत होते आणि तासाला तीन डबे रस पडत होता. उन्हं वर आली तेव्हा पंधरा डबे झाले होते, त्यातले तीन गावानं पिऊन टाकले. आणि अण्णांच्या काहिलीला तोंडोतोंड भरायला लागायचे पन्नास.

बारा डबे रस त्या काहिलीत ओतला तेव्हा तो बुडाशी जाऊन बसला. वर हात-हातभर लोखंड कोरडं. काहील भरेपर्यंत थांबावं तर पहाटेचा रस आंबणार. पेटवावं तर चुलाण आठ फुटांचं, जाळ कडेपर्यंत चढणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्यानं पेटवलं. जाळ कमी ठेवायचा म्हणून चिपाडं स्वतःच्या हातानं घालायला बसला, लगेच उठून मळी काढायला धावला, परत जाळाकडं आला. उकळी फुटली आणि रस उसळून त्या तापलेल्या कोरड्या कडांवर चढला, आणि चढला तिथं चरचरून काळा झाला. तो खाली ओघळला. वास सुटला. करपल्याचा वास तीस हात लांबून कळतो, आणि तिथं तर अख्खं गाव उभं होतं.

गर्दीतून चिमाजी अण्णा काठी टेकत पुढं आले. म्हातारा ऐंशी गाठायला आला होता. त्यांनी काहिलीभोवती सावकाश एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं कडेला टिचकी मारली आणि विचारलं, “कुण्या शहाण्यानं घेतली रे ही?”

गाव हसलं. खो खो हसलं. झुंबर हसला नाही. त्यानं ओलं बोट पाकात घातलं, गोळी वळली, आणि नुसत्या हातानंच ‘उतरवा’ अशी खूण केली. गूळ निववायच्या वाफ्यात जे ओतलं ते काळं होतं. डांबरासारखं काळं. लोक हळूहळू पांगले. झुंबर चुलाणाच्या कडेला खाली बसला. बसला आणि बसूनच राहिला, उठला नाही, तेव्हा नवसाबाई घाबरली.

तिनं मग काय करावं? गुपचूप पिंपळगावच्या बाजारातून पिवळाधमक गूळ आणवला. लाडू तर करायलाच हवेत, लेकीचे दिवस भरत आले होते. संध्याकाळी तिनं सुवर्णाला एक खडा चाखायला दिला. सुवर्णानं तोंडात घातला आणि बाजूला ठेवला. मग ती उठली, कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत मळ्यात गेली. नाना अजून तिथंच होता, थंड काहिलीपाशी. ती त्याच्याशेजारी बसली आणि उलथनं घेऊन कडेची काळी खरवड काढायला लागली. लहानपणी काढायची तशी, जीभ दातांत धरून. एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. झुंबर म्हणाला, टाक ते, टाकून दे, मी उद्या कुठूनही चांगला गूळ आणतो.

सुवर्णा म्हणाली, “नाना, सासरी पिवळाच गूळ असतो. मला तो नुसता गोड लागतो. तीन वर्षं झाली, असं काही खाल्लं नाय मी. लाडू ह्याचेच करायला सांगा आईला.”

झुंबरनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. तिचे दात काळे झाले होते. हिला गूळ म्हणजे एवढंच माहीत आहे, हे त्याला आत्ता कळलं. सोन्यासारखा गूळ करणाऱ्याची ही पोर, आणि तिच्या जिभेला सोनं रुचतच नाही. आनंद झाला म्हणावं तर त्याला रडू येत होतं, आणि रडावं तर पोरगी मिटक्या मारत खात होती. शेवटी तो रडलाच. उपरण्यात तोंड घालून हमसून हमसून रडला. सुवर्णानं त्याच्या हातावर एक तुकडा ठेवला आणि म्हणाली, खाऊन बघा तरी.

त्यानं खाल्ला. तीस वर्षं घरी वाहून नेलेली खरवड त्यानं कधी नीट खाल्लीच नव्हती, ती बायका-पोरांसाठी असायची. कडू, धुरकट, आणि त्याच्या मागनं हळूच येणारी गोडी. वाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नवसाबाईशेजारी चरकापाशी बसला आणि रस मोजला. तासाला तीन डबे, उन्हं चढेपर्यंत पंधरा. मग मिळाली ती एस्टी पकडून पिंपळगावला गेला. भिकन मिस्तरी शटर उघडत होता. झुंबरनं नमस्कार केला, काहिलीकडं बघितलंसुद्धा नाही, आणि सांगितलं की मिस्तरी, माझा चरक सकाळभरात पंधरा डबे देतो. भिकननं रॅकखालून ती चार फुटी ओढून बाहेर काढली. झुंबरनं टिचकी मारली नाही. दोघांनी उचलून ती एस्टीच्या टपावर चढवली.

लाडू काळ्याच गुळाचे झाले. सुवर्णाला मुलगी झाली. तोवर चार फुटी काहिलीतून रोज एक पिवळी ढेप निघायला लागली होती, आणि पहिली ढेप नवसाबाईनं आपल्याच देवापुढं ठेवली. अण्णांची काहील बैलांच्या पाण्याला झाली. पुढच्या आठ-दहा वर्षांत झुंबरच्या गुळाला आणि काकवीला नाशकातून माणसं यायला लागली, गाड्या घेऊन, मळ्यापर्यंत. त्यांना तो उभ्या उभ्या जाळावर व्याख्यान द्यायचा. जित्याची खोड, ती जाते कशाला.

पण दर हंगामाची शेवटची काहील विकायची नसते. ती घोटीला जाते. त्या दिवशी गोळी वळून बघितली की झुंबरला कळतं, वेळ झाली. हात शिवशिवतात, ‘उतरवा’ अगदी ओठांवर येतं, आणि तो चुलाणाभोवती नुसत्या येरझाऱ्या घालत सुटतो. पाक तांबूस होतो, मग तपकिरी, कडेला चरचरायला लागतो. जाळापाशी बसलेली नवसाबाई मान वर न करता म्हणते, “थांबा अजून. तिला आवडतो तसा होऊ द्या.”

आणि झुंबर थांबतो.